काकांचे बत्तीस

रविवारच्या आमच्या जॅझच्या बैठकीत शिरायचं तर वाद्य वाजवता यावं लागतं, अशी माझी समजूत होती. काकांनी ती पहिल्याच दिवशी दारात मोडीत काढली. मी गळ्यात सॅक्सोफोन अडकवून तीन जिने चढून वर पोचले, तर दारात पांढऱ्या बुशशर्टातला एक उंच, वाळकासा माणूस उभा. त्याने माझ्या वाद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाला, "चपला बाहेर." मी सँडल काढले. "मोजे बी." मी म्हटलं, "मोजे स्वच्छ आहेत हो." तोवर तो माणूस वळून आत निघूनही गेला होता. मी पुण्याची आहे. कारण कळल्याशिवाय मोजे काढायची मला सवय नाही. पण वर पोचलेलं माणूस तीन जिने परत कसं उतरणार? मोजे काढले, सँडलमध्ये कोंबले आणि अनवाणी आत गेले. काकांची आणि माझी ओळख ही अशी पायांपासून सुरू झाली.

आमचा हॉल सिकंदराबादला एका जुन्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. कधीकाळी तिथे साहेबलोकांचे नाच चालत, म्हणून जमीन सागवानी फळ्यांची. आठवडाभर तिथे नृत्याचा क्लास असतो आणि रविवारी दहा ते एक हॉल आमचा. आमच्यापैकी कुणीही पोटासाठी वाजवत नाही. ललितागारू (गारू म्हणजे तेलुगूतलं 'जी') बँकेतून निवृत्त झाल्या आहेत आणि पियानो वाजवतात. इम्रान अंबरपेठेत दातांचा दवाखाना चालवतो आणि ड्रम वाजवतो. मी कंपनीत लोकांना कामाच्या तारखा पाळायला लावते आणि अडतिसाव्या वर्षी हौस म्हणून सॅक्सोफोन शिकले. माझ्या नवऱ्याने पहिल्या महिन्यात एकदाच, अगदी मृदू आवाजात विचारलं होतं, की याचा आवाज कमी करायचं बटण नेमकं कुठे असतं.

जॅझवाल्यांची काही जुनी गाणी असतात. जगात कुठेही चार जॅझवाले भेटले, की ती गाणी सगळ्यांना येतातच. आधी सगळ्यांनी मिळून मूळ चाल वाजवायची. मग त्याच साच्यावर एकेकाने पाळीपाळीने आपल्या मनातलं वाजवायचं, आणि शेवटी पुन्हा सगळ्यांनी मूळ चालीवर यायचं. ऐकायला सोपं वाटतं. खरी गोम अशी, की आपल्या मनातलं वाजवताना आपण साच्यात कुठे पोचलो आहोत, याचा हिशोब डोक्यात चालू ठेवावा लागतो. तो सुटला की माणूस जत्रेत हरवल्यासारखा होतो. पहिले सहा महिने मी दर रविवारी हरवत होते.

मला हिशोब शिकवला तो काकांनी, तोही त्यांच्या पद्धतीने. "चिक्कडपल्लीतली आमची गल्ली पाहिलीस का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "मंग ऐक. गल्लीत बत्तीस घरं. पहिली आठ. मंग पुन्हा आठ, हुबेहूब तसलीच. मंग वळण. वळणावर आठ घरं वेगळी, रंग वेगळा, वास वेगळा. आणि मंग शेवटची आठ, पुन्हा पहिल्यासारखी. आलं आपलं घर. दर घरासमोर चार पावलं टाकायची. बस." मी म्हटलं, "काका, सगळीच गाणी बत्तीस घरांची नसतात. मी पुस्तकात वाचलंय." ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. म्हणाले, "पुस्तकवाली हायेस. चाल आधी, मंग वाच."

काकांचं मराठी मला सुरुवातीला गमतीचं वाटे. संस्थानाच्या काळापासून त्यांचं घराणं हैदराबादेत. आजोबा नांदेडकडून आले आणि इथलेच झाले. त्यामुळे त्यांच्या एकाच वाक्यात मराठवाडा, दख्खनी आणि वेळ पडली तर तेलुगूही गुण्यागोविंदाने नांदे. मी घाईने वाजवू लागले की ते बास थांबवून विचारत, "ए पुणं, कामून पळायलीस? गाडी सुटायली का?" मी "कामून"ला हसले, तर म्हणाले, "हस. आमचं मराठी तुझ्यासारखं इस्तरी केलेलं नाही. पण धुतलेलं हाय." त्यानंतर त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. मी कायमची "पुणं" झाले. दोन-तीन वर्षांनी पुण्यातच माझी बहीण मला म्हणाली, "तू 'हो'च्या जागी 'हौ' काय म्हणायला लागलीस ग?" तेव्हा लक्षात आलं, की इस्त्री माझीच मोडली आहे.

काका डबल बास वाजवत. माणसाहून उंच, व्हायोलिनच्या आकाराचं ते वाद्य उभं राहून मिठी मारल्यासारखं धरायचं आणि जाड तारा बोटांनी छेडायच्या. काका तरुणपणी रेल्वेत वीजतंत्री होते. रेल्वेच्या क्लबात शनिवारच्या नाचाच्या वेळी पंखे बंद पडले तर चालू करायला कुणीतरी हवं, म्हणून त्यांना तिथे बसवून ठेवत. पंखे बंद पडत नसत आणि काका बँड ऐकत बसत. तिथे बास वाजवणारा एक अँग्लो-इंडियन गार्ड होता. तो कुटुंबासकट ऑस्ट्रेलियाला निघाला तेव्हा बास बोटीवर नेता येईना. तो काकांना म्हणाला, "तू इतकी वर्षं हिच्याकडे टक लावून बसला आहेस, तूच ठेव." काकांनी बासला "बेगम" नाव दिलं आणि स्वतःच्या हिमतीवर वाजवायला शिकले. काकूंनी स्वतःच्या जुन्या नऊवारीतून बेगमला खोळ शिवून दिली. इम्रान विचारायचा, "काका, काकू को जलन नै होती?" काका म्हणत, "तिनंच तर साडी दिली की रे."

बेगमचे सूर लावायची त्यांची तऱ्हा मात्र जगावेगळी होती. बाकीचे बासवाले पियानोचा सूर घेतात आणि मान तिरकी करून ऐकतात. काका ललितागारूंना एक सूर दाबून धरायला सांगत, एक हात पियानोच्या लाकडावर ठेवत आणि बेगमच्या मानेवर हनुवटी टेकवून हळूहळू खुंटी पिळत. बराच वेळ चाले ते. आम्हाला वाटे, म्हाताऱ्याचा लळा आहे वाद्यावर. मी एकदा त्याचा फोटो काढून घरी सगळ्यांना दाखवला होता, "बघा किती गोड" म्हणून.

त्यांची उभं राहायची जागाही ठरलेली असे. पियानोच्या आणि ड्रमच्या मध्ये, भिंतीकडून तिसरी फळी. नवखा कुणी तिथे उभा राहिला, की काका हात जोडून म्हणत, "हटो मियाँ, ही माझी सीट हाय, रिझर्वेशन केलेली." आणि सगळ्यांनी पाय वाजवायचे, हा तर त्यांचा कायदाच होता. चार पावलांतल्या एकवर नाही, तीनवर नाही. दोनवर आणि चारवर, टाच फळीवर स्पष्ट आपटायची. मी लहानपणी थोडं गाणं शिकलेली, माझी टाच आपसूक एकवर पडे. "सम घरी ठेवून ये," ते म्हणत, "इथं दोन आणि चार." वाजवताना आम्ही सगळे भावनेने डोळे मिटत असू. काकांचे डोळे टक्क उघडे. प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे, पायाकडे, इम्रानच्या मनगटाकडे फिरत असायचे ते.

आणि त्यांचे ते बत्तीस. सगळ्यांच्या पाळ्या झाल्या की बासवाल्याची पाळी येते. तेव्हा बाकीचे हात आवरतात आणि तो आपलं कसब दाखवतो. काका काहीही दाखवत नसत. एरवी वाजवत तीच साधी चाल, घरामागून घर, चार-चार पावलं, तशीच बत्तीस घरं चालून जात. आम्ही वाद्यं खाली ठेवून फक्त पाय वाजवायचे. मिनिटभराचा मामला, पण नवख्यांची चुळबुळ सुरू होई. बंगळूरहून आलेल्या एका पाहुण्याने मध्येच आपलं वाद्य घुसवलं, तेव्हा काकांना रागावलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. "माझे बत्तीस मला द्या," ते म्हणाले. "तुम्हाला रोज देतो ना मी? मंग माझे मला द्या."

तरी काकांचा मला राग येई, हे कबूल करायला हवं. मागून हाक मारली तर ते ओ देत नसत. फोन कधी उचलत नसत. मी दोन आठवडे घासून घासून एखादी जागा बसवावी, ती वाजवावी, आणि त्यांनी म्हणावं, "अच्छा वाजवलंस." आणि ज्या दिवशी माझे सूर फाटून लोंबत असत, त्या दिवशीही म्हणावं, "अच्छा वाजवलंस." मला वाटे, या माणसाला आपली कदर नाही किंवा काही कळत नाही. दोन्ही मी मनातल्या मनात बरेचदा म्हटलं.

मग माझ्या डोक्यात जागा बदलायचं खूळ शिरलं. हॉलमध्ये उन्हाळ्यात जीव जाई, तीन जिने, गाडी लावायला जागा नाही. उलट आमच्या गच्चीबावलीच्या सोसायटीचं क्लबहाउस थंडगार, भलंमोठं, आणि सेक्रेटरी माझ्या ओळखीचे. सोसायटीतले लोक ऐकायलाही येतील, असं ते म्हणाले. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. माझ्या फाटक्या सुरांचा त्रास ज्यांनी इतकी वर्षं भिंतीपलीकडून सोसला, त्यांच्यासमोर एकदा नीट वाजवून दाखवायचं होतं. मी सगळ्यांसमोर विषय काढला. इम्रान म्हणाला, "जैसा आपा बोले." ललितागारू काकांकडे पाहत राहिल्या. काका म्हणाले, "नक्को बेटा. इथं बरं हाय." मी म्हटलं, "का पण? कारण सांगा ना." ते हसले फक्त. कारण नाही म्हणजे हट्ट, असं मी धरून चालले आणि कामाच्या तारखा पाळायला लावण्यात माझा हातखंडा असल्यामुळे पुढच्या पंधरा दिवसांत सगळं ठरवूनही टाकलं.

बेगम ट्रॉली ऑटोतून आली. मागच्या उघड्या भागात काका तिला धरून बसून आले, सिकंदराबादपासून गच्चीबावलीपर्यंत, कपाळावर हात धरून उन्हात. क्लबहाउसमध्ये ग्रॅनाइटची जमीन होती आणि त्यावर घोटाभर जाड गालिचा. सेक्रेटरींनी आम्हाला एका ओळीत, लोकांकडे तोंड करून बसवलं, कारण फोटो चांगले येतात. काका मागे. सवयीने ते अनवाणी झाले होते, पण बाकी सगळे बुटात, कारण पाहुणे होते समोर. मीही बुटात होते, नवे होते. एकदा मागे वळून पाहिलं तर काका गालिच्यावर जागा बदलत होते, इकडे दोन पावलं, तिकडे दोन पावलं, काहीतरी हरवल्यासारखे. मी म्हटलं, "काका, उभे राहा की एका जागी."

पहिली दोन गाणी कशीबशी निभावली. तिसऱ्यात माझी पाळी होती. मी चांगली रंगात आले होते, समोर माझ्या मजल्यावरच्या बाई मान डोलावत होत्या, आणि काका वळणावर चार घरं आधीच वळले. खालून बास एक सांगतोय आणि मी दुसरंच वाजवतेय, असा कल्लोळ झाला. ललितागारूंनी सावरायला पाहिलं, पण काका अजूनच पुढे निघून गेले. शेवटी मी हात वर करून सगळं थांबवलं. लोक पाहत होते. मी मागे वळले आणि मराठीत, म्हणजे सगळ्यांना कळू नये म्हणून, म्हणाले, "काका, ऐकू येतंय का तुम्हाला?"

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही ना, बेटा."

समोर मराठी कळणारे पाच-सहाजण होतेच. ते खळखळून हसले. मग काकाही हसले. हजरजबाबी म्हातारा, असं सगळ्यांना वाटलं. मी हसले नाही, मला तो निर्लज्जपणा वाटला. उरलेली गाणी काकांनी जेमतेम तारेला बोट लावून काढली आणि त्यांचे बत्तीस मागितलेच नाहीत. नंतर समोसे होते. काकांनी ते न खाताच बेगमला साडी नेसवली आणि ट्रॉलीत बसून परत गेले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. इम्रानचे फोन कुणी उचलले नाहीत. तिसऱ्या रविवारी बासशिवाय वाजवताना मला पायाखाली काही नसल्यासारखं झालं. दुपारी मी चिक्कडपल्ली गाठली. गल्ली सापडली. बत्तीस घरं मोजायचं धाडस झालं नाही, पण वळण होतं. काकूंनी दार उघडलं. ठेंगण्या, चष्मेवाल्या, पदर खोचलेल्या. "पुणं ना तुम्ही?" त्या म्हणाल्या. "या. आत बसलेत." काका आमच्याकडे पाठ करून लाकडी तख्तावर बसून शेंगा निवडत होते. मी "काका" म्हटलं. हलले नाहीत. पुन्हा म्हटलं. काकू पुढे गेल्या आणि त्यांनी तख्ताच्या कडेवर मुठीने दोनदा ठोकलं. काका वळले, मला पाहिलं आणि घाईने पायजमा झाडत उठले.

"सहा वर्षं झाली की," काकू म्हणाल्या. "सांगितलं नाही का यांनी? डॉक्टरचं मशीन आणलं होतं, ते कानात घातलं की सगळा डब्याचा आवाज होतो म्हणाले. ड्रावरमध्ये हाय. लाकडातून कळतं यांना, पायातून. बाकी तोंडाकडे पाहून भागवतात." मी तिथेच खुर्चीत बसले. तिसरी फळी, मोजे, हनुवटी, उघडे डोळे, मागून मारलेल्या हाका, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. आणि भर लोकांत विचारलेला तो प्रश्न. मला रडू कोसळलं आणि मी ते अडवलं नाही.

काका काकूंना म्हणाले, "चहा टाक. पौना कर, दूध जास्ती. पुणेवाल्यांना पाणचट लागतो, पण कर." मग माझ्यासमोर बसले, ओठ दिसतील असे. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत? मी कारण विचारत होते ना?" त्यांनी तख्तावरच्या शेंगा बाजूला सारल्या. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही लोक वाईट हायेत का? चांगले हायेत. मला खुर्ची दिली असती. मान दिला असता. फोटोत मधी बसवलं असतं. वाजवायला मात्र दिलं नसतं." ते खरं होतं. मीच पहिली दुसरा बासवाला शोधायला निघाले असते, अगदी हळवेपणाने, सगळ्यांना इमेल करून.

"आणि माझं वाजवणं?" मी विचारलं. "अच्छा वाजवलंस, अच्छा वाजवलंस म्हणायचात ते?" ते हसले. "तुझा सूर मी कधी ऐकलाच नाही ग. ललिताच्या पियानोचं लाकूड कळतं, इम्रानचा मोठा ड्रम कळतो, आणि तुमचे पाय. तू कुठल्या घरासमोर हायेस ते तुझ्या टाचेवरून मला कळतं. ज्या दिवशी तू घर चुकली नाहीस, त्या दिवशी अच्छा वाजवलंस. पण वळण आलं की तू घाबरतीस. टाच उचलतीस." इतक्या वर्षांत माझ्या वाजवण्याबद्दल इतकं खरं कुणीच मला सांगितलं नव्हतं. सूर ऐकू येणाऱ्यांनी तर नाहीच.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे परत सागवानी फळ्यांवर होतो. यायला काकांनी एकच अट घातली होती, त्यांच्याशी कुणी ओरडून बोलायचं नाही. इम्रानने ड्रमखालची सतरंजी काढून गुंडाळून ठेवली. मी ललितागारूंना कोपऱ्यात नेऊन सगळं सांगितलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मेरे को मालूम था अम्मा. तीन साल से." मी थक्क. "मैं हर वळण पे बायीं एडी जोर से मारती हूँ. तुमने देखा नहीं?" 'वळण' हा काकांचा शब्द त्यांनी मराठीच ठेवला होता. नाही पाहिलं, मी. तीन वर्षं त्यांच्या शेजारी उभी राहून डोळे मिटून भावपूर्ण वाजवत होते ना मी. "बोली क्यों नहीं आप?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "उन्होंने नहीं बोला. मैं कैसे बोलूँ?"

त्यानंतरची दोन वर्षं आमच्या बैठकीची सगळ्यात चांगली वर्षं होती. आम्ही पाय असे वाजवत होतो, की खालच्या मजल्यावरचा शिंपी तक्रार घेऊन वर आला. काकांनी त्याच्याही चपला काढायला लावल्या आणि त्याला एक गाणं ऐकवून पाठवलं. मी डोळे उघडे ठेवून वाजवायला शिकले. आश्चर्य म्हणजे डोळे उघडल्यावर मला ऐकूही जास्त यायला लागलं. वळणावर टाच उचलायची माझी सवय मात्र सुटली नाही आणि काका दर वेळी भुवई उंचावून मला पकडत.

गेल्या हिवाळ्यात ते आजारी पडले आणि पडूनच राहिले. दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा अंगात काही उरलं नव्हतं, पण डोळे तसेच उघडे होते. म्हणाले, "नवा बासवाला येईल, त्याला बेगम द्या. ती नुसती उभी राहायला नक्को, लाकूड मरतं." मी मान हलवली. मग बोट वर करून म्हणाले, "पण माझे बत्तीस कुणाला देऊ नका." मी म्हटलं, "नाही देणार, काका." त्यांनी माझे ओठ नीट पाहून खात्री करून घेतली. चार दिवसांनी ते गेले.

तेरावं झाल्यावरच्या रविवारी आम्ही जमलो. दहा वाजता दारात काकू उभ्या. इतक्या वर्षांत त्या हॉलवर कधी आल्या नव्हत्या. कुणी काही सांगायच्या आत त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि भिंतीशी खुर्चीवर बसल्या. बेगम कोपऱ्यात साडी नेसून उभी होती. बासची बाजू ललितागारूंनी डाव्या हाताने सांभाळली. चाल झाली, माझी पाळी झाली, ललितागारूंची झाली, इम्रानची झाली. मग आम्ही सगळ्यांनी हात आवरले. तिसऱ्या फळीवर कुणी नव्हतं. फक्त पाय चालू होते, दोनवर आणि चारवर. मिनिटभरच, पण मला ते फार लांब वाटलं. घरं मोजता मोजता डोळे भरून आले आणि माझा हिशोब सुटला. परत शिरायच्या वेळी इम्रान आधी शिरला, ललितागारू मागून आणि मी तर कुठल्या भलत्याच घरात. सगळं कोसळून थांबलं.

मग भिंतीकडून काकू म्हणाल्या, "वळणावर चुकलात. घाई केलीत."

आम्ही वळून पाहिलं. त्यांचे दोन्ही पाय फळीवर टेकलेले होते. "चाळीस वर्षं तख्तावर पाय आपटून माझी झोप घालवली त्यांनी," त्या म्हणाल्या. "मला कळत नाही व्हय?" त्या उठल्या, खुर्ची स्वतःच उचलली आणि पियानो नि ड्रमच्या मध्ये, भिंतीकडून तिसऱ्या फळीवर आणून ठेवली. पदर खोचला. "पुन्हा घ्या."

आम्ही पुन्हा घेतलं. काकांची पाळी आली, आम्ही हात आवरले. आठ घरं गेली. पुन्हा आठ गेली. वळण आलं आणि नेमक्या जागी काकूंची टाच फळीवर आपटली, ती माझ्या तळपायाला कळली. या वेळी मी पाय उचलला नाही. वळणाची आठ गेली, शेवटची आठ गेली, आणि बत्तिसावं घर संपताच आम्ही तिघं एकदम, एका पावलावर, चालीत शिरलो.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अच्छा वाजवलंस."